बारीक ता काढूचा

शर्वरीने दोरीवरचे सगळे चिमटे काढून पडवीत ओतले आणि म्हणाली, "आई, हा बघ आंबा."

दोरीवरून पंचा घसरून अंगणात पडला. पंचा माझ्या सासऱ्यांचा, तात्यांचा. ते झोपाळ्यावर बसून बघतच होते.

"काय गो, चिमटे कित्याक सांडलंस?" त्यांनी नातीला विचारलं.

"आईची परीक्षा आहे, आजोबा."

"चिमट्यांची?"

"मिऑसिसची."

तात्यांनी समजल्यासारखी मान हलवली. वय ब्याऐंशी, त्यांना ते चालून जातं. मी एकोणपन्नासची, आणि मला तो शब्द पंधरा दिवसांत खरोखर समजून घ्यायचा होता.

"वीस लाल, वीस निळे," शर्वरी मांडी ठोकून बसली. "आंब्याच्या प्रत्येक पेशीत चाळीस गुणसूत्रं. वीस त्याच्या आईकडून आली, वीस बापाकडून."

"आंब्याला बाप असतो?"

"आई! तीस वर्षं कलमं बांधतेयस तू."

"म्हणून तर विचारते. कलमाला कुठे असतो बाप?"

तिने पुस्तक उघडून अनुक्रमणिका चाळली. बारावी सायन्सची मुलगी आईच्या प्रश्नासाठी पुस्तक उघडते तेव्हा फार बरं वाटतं.

आमची नर्सरी शाळेमागे, पंचायतीच्या साडेतीन गुंठ्यांत. तात्यांच्या वडिलांनी घातलेली. काम म्हणाल तर एकच. रायवळ आंब्याची कोय रुजत घालायची, तांबूस कोवळा कोंब वीतभर झाला की शेंडा छाटून मधे चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीचा आकार देऊन ती त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. मूळ, म्हणजे खुंट, रायवळचा, झाड हापूसचं. मी लग्न होऊन आले ती दहावी पास. पुढचं शिक्षण तात्यांच्या सुरीने झालं, आणि थोडंफार शर्वरीच्या जुन्या पुस्तकांतून. रद्दीत घालण्याआधी मी ती वाचून काढायचे. त्यामुळे मला पाण्याचं पृथक्करण येतं आणि बाबराचा मुलगा कोण हेही येतं, पण दोन्ही सलग कधी विचारू नयेत.

शर्वरी तिसरीत असताना 'तंतोतंत' बी बाजारात आलं. तोवर हापूसची कोय लावून हापूस मिळत नसे. काय उगवेल ते देवाला ठाऊक, म्हणून तर कलमं. तंतोतंतची कोय लावली की हुबेहूब हापूस, आणि चौथ्या वर्षी मोहोर. सहा-सात वर्षांत सगळा किनारा तंतोतंत झाला आणि आमच्या सुरीला गंज चढला.

मग लागोपाठ दोन वर्षं, फेब्रुवारीत एका दुपारी पारा एकेचाळीसवर गेला आणि रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा मोहोर त्याच दुपारी करपला. झाडं मुळासकट सगळी एकच, तर त्यांचा धीरही एकाच आकड्याला सुटणार. तेव्हा कुठे सरकारला रायवळची आठवण झाली. कोयीपासून वाढवलेली, एकमेकांपासून वेगळी अशी हजार रोपं ज्याच्याकडे असतील त्याला 'विविधता रोपवाटिके'चा परवाना. अटी दोन. पेशीविभाजन आणि डीएनएवर पन्नास मार्कांची लेखी परीक्षा द्यायची, आणि आपल्या वाफ्यातल्या दहा रोपांची पानं पाकिटात घालून पेपरसोबत जोडायची. परवाना मिळाला तर साडेतीन गुंठे आमच्याकडे राहणार. नाही मिळाला तर एप्रिलमध्ये तिथे तंतोतंतवाल्यांची शेड उभी राहणार. पंचायतीचा ठरावसुद्धा झाला होता, फक्त तारीख घालायची बाकी होती.

रोपांची मला काळजी नव्हती. कलमं थांबली तरी तात्यांना राहवेना, म्हणून आम्ही दर जूनमध्ये कोयी रुजत घालतच होतो. पिशव्यांमधून चौदाशे रोपं उभी होती. सगळी घंटेच्या आंब्याची. शाळेची घंटा म्हणून रुळाचा तुकडा ज्या फांदीला टांगलाय, ते झाड. फळ नुसतं दोऱ्यांचं, चोखून दात भरायचे. पण कोय अशी की एकीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब यायचे. पहिल्या वर्षीच तात्यांनी मला शिकवलं होतं, "बारीक ता काढूचा, दांडगा ता ठेवूचा." त्याप्रमाणे केलं की वाफा असा एकसारखा यायचा, जणू वरून दोरी धरून कापलाय. बाहेरगावचे कलमवाले बघायला यायचे. मला त्या वाफ्याचा फार गर्व होता.

काळजी होती ती परीक्षेची.

"आता बघ," शर्वरीने एक लाल चिमटा एका निळ्याला जोडला. "फूल तयार होताना आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मग आईचं एक नंबर बापाच्या एक नंबरला शोधून काढतं आणि दोघं शेजारी येऊन चिकटतात."

"एवढ्या गर्दीत एकमेकांना सापडतात कसे?"

"सर म्हणतात, ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही."

मला हे इतकं आवडलं की मी वहीत लिहून ठेवलं.

"चिकटले की तुकड्यांची अदलाबदल करतात. पारगती म्हणायचं त्याला. म्हणजे लालमध्ये थोडा निळा, निळ्यात थोडा लाल. मग दोनदा वाटणी. एकदा नक्कल, दोनदा वाटणी, म्हणून शेवटी वीसच उरतात. त्या विसांत कुठला कुणाचा हे प्रत्येक वेळी नवीन. नुसत्या डाव्या-उजव्याचेच दहा लाखांवर प्रकार होतात."

"आणि तंतोतंतमध्ये?"

"तीन जनुकं बंद केलीयत. अदलाबदल नाही, दुसरी वाटणी नाही, बापाची गरज नाही. चाळीसच्या चाळीस तसेच कोयीत."

"म्हणजे पत्ते पिसायचेच नाहीत, तेच पान सगळ्यांना वाटायचं."

"हे पेपरात लिही," ती म्हणाली. "पण आधी व्याख्या लिही."

मी चिमटे गोळा करायला लागले. हातात लाल-निळे मिसळले. "तुझ्यातही निम्मी मीच ना?"

"तेवीस. तेही पिसून."

ते मला ठाऊकच होतं. तात्यांची सुरी तिच्या हातात दिली की ती काडीऐवजी अंगठा कापते. तिला दापोलीला शेतकी शिकायला घालावं हे माझं मत. समुद्राखालचे आवाज ध्वनिमुद्रित करायचं शिकायला जावं हे तिचं. पाण्यात कान घालून बसण्याला कॉलेज असतं हे मला तिच्याकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी डीएनए. त्यासाठी तिने माझ्या पर्सची चेन घेतली. चेन उघडत जाते तशा दोन्ही बाजू सुट्या होतात, आणि प्रत्येक बाजूला समोरचे नवीन दात बसत जातात. एका चेनीच्या दोन चेनी होतात, प्रत्येकीत एक बाजू जुनी, एक नवी. पण एक बाजू सरळ विणली जाते आणि दुसरी उलटी, थोडी थोडी, तुकड्यातुकड्यांनी. नंतर ते तुकडे सांधायचे.

"ही दुसरी बाजू माझी," मी म्हटलं. "दहावीपर्यंत एक तुकडा, मग तीस वर्षांनी हा."

"सांधणाऱ्याचं नाव सांग."

"शर्वरी घाडीगावकर."

"लायगेज, आई! लायगेज!"

परीक्षेला पाच दिवस राहिले तेव्हा ती कॉलेजातून पानवाचक घेऊन आली. केस विंचरायच्या ब्रशएवढं यंत्र. पान चिमटीत धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, आत त्या पानाचा डीएनए वाचला जातो. नकली तंतोतंत पकडायला निरीक्षक ते वापरायचे. आधी एक पान 'मूळ' म्हणून धरायचं. पुढचं तसंच निघालं की हिरवा दिवा, वेगळं निघालं की पिवळा. आता ही जुनी यंत्रं कॉलेजांना वाटून टाकली होती.

"चल, तुझे पिवळे दिवे बघू," ती म्हणाली.

वाफ्याच्या कडेचं पहिलं रोप मूळ धरलं. शेजारचं लावलं, हिरवा दिवा.

"शेजारी आहे म्हणून असेल," मी म्हटलं. असं काही नसतं हे बोलतानाच कळत होतं.

मधल्या ओळीतलं लावलं. हिरवा. टोकाचं. हिरवा. गेल्या वर्षीचं, त्याआधीच्या वर्षीचं. शर्वरीने यंत्र फुंकून पाहिलं, पुसलं, रस्त्यावरच्या जांभळीचं पान लावलं. यंत्र पिवळं होऊन वर चुकचुकलंसुद्धा. पुन्हा आमचं पान. हिरवा.

ऊन वर येईपर्यंत आम्ही त्रेसष्ट रोपं तपासली. त्रेसष्ट हिरवे दिवे. शेवटी ती शाळेजवळ जाऊन घंटेच्या आंब्याचंच पान घेऊन आली. तेही हिरवं.

"म्हणजे ही चौदाशे रोपं नाहीतच," ती हळूच म्हणाली. "एकच झाड आहे हे. चौदाशे पिशव्यांत."

कोयीपासून उगवलेलं झाड आईसारखं हुबेहूब कसं येईल? कंपनीने तर आमच्या आंब्याला हात लावला नव्हता. जेवणं तशीच ठेवून आम्ही पुस्तकांत शोधत बसलो, आणि तिला एका जाडजूड पुस्तकात अर्ध्या पानाची हकीगत सापडली. बहुभ्रूणता. काही आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ नसतो. एक गर्भ परागाचा, म्हणजे चिमटे जुळवून, पिसून, वाटून झालेला. बाकीचे आईच्याच पेशी साध्या फुटून तयार झालेले, नुसत्या नकला. आणि पुढची ओळ तिने वाचली ती अजून माझ्या कानात आहे. "परागापासून झालेला गर्भ बहुधा दुबळा असतो, त्याचा कोंब उशिरा येतो व बारीक राहतो."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठा आणि दोन बोटं. या चिमटीने तीस वर्षं मी घंटेच्या आंब्याच्या प्रत्येक कोयीतलं नेमकं तेवढंच रोप उपटून फेकलं होतं. कंपनीने तीन जनुकं बंद करून जे केलं, ते मी यंत्राशिवाय करत आले होते, आणि वर गर्वही करत होते.

"आई," शर्वरी पुस्तक मिटत म्हणाली. "पानं तूच तोडून द्यायचीत ना? दहाच?"

"हं."

"आपल्या घरापासून स्टँडपर्यंत रस्त्याला रायवळची किती झाडं आहेत?"

सतरा. मला न मोजता सांगता येत होतं. प्रत्येक निराळं. बसला जाता जाता हात वर केला की पाकीट तयार.

"तुला नकोय ना ही नर्सरी?" मी विचारलं.

"मला कलमं बांधायची नाहीत. नर्सरी नको असं कधी म्हटलं मी?" ती चिडली होती. "आजोबा रोज सकाळी तिथे जाऊन बसतात. शेड झाली तर कुठे जाऊन बसतील?"

त्या संध्याकाळी मी तात्यांना सांगितलं. सांगावं की नाही यावर बराच विचार केला, पण ज्यांनी नियम शिकवला त्यांच्यापासूनच लपवणं मला खोटं वाटलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुस्तक हातात घेऊन उगाच पान चाचपलं.

"म्हणजे माझ्या बापाशीन माका चुकीचा शिकवल्यान?"

"चुकीचा नाय, तात्या. कलमाक खुंट एकसारखोच होयो होतो. त्येंचा बरोबरच होता."

ते उठले. काठी घेऊन न्हाणीच्या मागे गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. न्हाणीच्या मागे सांडपाण्यावर वाढलेलं एक रान आहे. ते तोडू या म्हटलं की तात्या माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत, म्हणून मी तो विषय कधीच सोडून दिला होता.

परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये. सकाळी वाफ्यातली दहा पानं तोडून पाकिटात घातली आणि बसकडे निघाले. सतराही झाडांखालून गेले. आठव्या झाडाची फांदी इतकी खाली होती की पदर अडकला. पदर सोडवला. बाकी काही केलं नाही. फार मोठा विचार होता असं नाही. ज्या विषयाची परीक्षा द्यायला चाललेय त्यातच लबाडी करायची, तर पंधरा दिवस चिमटे कशाला मोजले, एवढंच.

हॉलमध्ये चाळीसेक कलमवाले. माझ्या शेजारच्या काकांनी प्रत्येक प्रश्नाला नमस्कार करून उत्तर सुरू केलं. शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा होता: अर्धसूत्री विभाजनाचे (मिऑसिसचे) महत्त्व स्वतःच्या अनुभवातील उदाहरणासह स्पष्ट करा.

मी आधी व्याख्या लिहिली. मग घंटेचा आंबा लिहिला. कोयीतले तीन कोंब, तात्यांचा नियम, माझी चिमटी, त्रेसष्ट हिरवे दिवे. शेवटी लिहिलं, 'सोबतच्या पाकिटातील दहा पाने एकसारखी निघतील. तपासण्यात वेळ घालवू नये.' सही केली आणि पेपर दिला.

घरी आले ते आता एप्रिलची वाट बघायची, अशाच हिशेबाने.

बाराव्या दिवशी दारात सरकारी जीप थांबली. कृषी खात्याच्या रेहाना तडवी. जळगावकडच्या, पस्तिशीच्या, उन्हाने लाल झालेल्या. हातात माझा पेपर.

"लेखी परीक्षेत तुम्ही पास आहात, ताई. एकतीस. व्याख्येचा अर्धा मार्क गेलाय. पण वाफा नापास आहे, ते तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"मी पानं तपासली तरीही. दहाही हिरवी." त्या हसल्या. "मला एकच विचारायचं होतं. उपटलेली रोपं तुम्ही टाकायचात कुठे?"

"मी उपटून टोपलीत टाकायचे. टोपली तात्या रिकामी करायचे. उकिरड्यावर."

"उकिरड्यार नाय," झोपाळ्यावरून आवाज आला.

मी, मॅडम आणि दारात येऊन उभी राहिलेली शर्वरी, आम्ही तिघी वळलो.

"जिता रोप उकिरड्यार टाकूक माझो हात धजाक नाय," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "न्हाणयेमागे खोचून ठेवी. धा खोचली तर एखादा जगा."

तडवी मॅडम त्या रानात शिरल्या तेव्हा त्यांची ओढणी दोनदा अडकली. अळू, केळी, तेरडा आणि त्यांच्या मधून आंब्याची रोपं. वाकडी, किडकी, काही माझ्या खांद्याएवढी, दोन तर न्हाणीच्या कौलांना लागलेली. इतकी वर्षं मी अंघोळीचं पाणी कुणाला घालत होते ते मला ठाऊकच नव्हतं. शर्वरीने पानवाचक लावला. पिवळा. पिवळा. पिवळा. प्रत्येक पिवळ्याला ती आकडा ओरडत होती. एकोणीस रोपं, एकोणीस पिवळे दिवे.

"हजार लागतात," तडवी मॅडम म्हणाल्या. त्यांनी घाम पुसला, कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "पण कुठून आणायचे ते तुम्हाला आता माहीत आहे. एक हंगाम देते. ऑगस्टमध्ये मी स्वतः येईन. तोवर जागेला कुणी हात लावणार नाही."

त्या वर्षी घंटेच्या आंब्याखाली शाळेची पोरं जेवढे आंबे चोखतील तेवढ्या कोयी आम्ही उचलल्या. जूनच्या अखेरीस वाफ्यात कोंबच कोंब. मी पाटावर बसले, पहिली कोय पुढ्यात घेतली. तीन कोंब. दोन तरतरीत, एक मरतुकडा. आता दांडगे काढायचे, बारीक ठेवायचा. माझी बोटं आपोआप बारक्याकडे गेली. मी ती मागे घेतली, ती पुन्हा तिकडेच.

"सरक," शर्वरी म्हणाली. तिच्या हाताला काहीच शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला काही विसरायचंही नव्हतं. ती पान चिमटीत धरायची, दिवा बघायची आणि उपटायची. बारीक म्हणजे पिवळा, दांडगा म्हणजे हिरवा. पन्नास-साठ कोयी अशाच गेल्या. तात्या शेजारी बसून नवीन नियम पाठ केल्यासारखे पुटपुटत होते, "दांडगो काढूचो, बारीक ठेवूचो."

मग एका कोयीवर ती थांबली. पुन्हा पान लावलं.

"आई, हे बघ. बारीक आहे तो हिरवा. आणि हा सगळ्यात दांडगा, तो पिवळा."

मी यंत्र हातात घेऊन स्वतः लावलं. पिवळा. जाडजूड देठ, पानं तळहाताएवढी. वेगळा आणि वर दांडगा.

"मगे आता नियम काय?" तात्यांनी विचारलं.

"नियम नाय, तात्या. एकेक बघूचा लागतला."

त्यांनी थोडा विचार केला. मग काठी बाजूला ठेवून पाटावर माझ्या शेजारी सरकले आणि हात पुढे केला. "दी माका ता यंत्र."

ऑगस्टमध्ये तडवी मॅडम आल्या तेव्हा वाफा बघवत नव्हता. कुठे टाचेएवढं रोप, कुठे गुडघ्याएवढं, कुणी लाल, कुणी पोपटी, एक तर जमिनीवर आडवंच पसरलेलं. बाहेरगावच्या कलमवाल्यांनी बघितला असता तर मला तोंड लपवावं लागलं असतं. एक हजार सत्तावीस. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. मग मला विचारलं, "यातलं ऊन सोसणारं कुठलं असेल, ताई? तुमचा अंदाज?"

माझी बोटं नेहमीप्रमाणे त्या दांडग्याकडे वळली. मी हात मागे बांधले.

"सहा-सात वर्षांनी या," मी म्हटलं. "मलाही बघायचंय."

शर्वरीची बॅग पडवीत भरून ठेवलेली होती. दुपारच्या गाडीने ती जाणार होती, समुद्राचे आवाज ऐकायला. बॅगेची चेन लागत नव्हती. मी दोन्ही बाजू दाबून धरल्या, आणि तिने ती हळूहळू, एकेक दात करत ओढून घेतली.